मदतीला आलेला मेहुणा

रशीद होडेकरांच्या कुंपणाचा गडगा मी पाडला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गावातलं कुणीतरी तुम्हाला सांगेलच, आणि जास्त रंगवून सांगेल. निवृत्त झाल्यावर माणसाने काहीतरी नवीन शिकावं असं सगळे म्हणतात, म्हणून मी गाडी शिकलो. पुढे जायला बऱ्यापैकी जमत होतं. मागे जाणं हा भाग शिकवणाऱ्याने पुढच्या आठवड्यावर ठेवला होता आणि मला धीर नव्हता. मिरकरवाड्याच्या वरच्या चढावर, मे महिन्यातल्या एका सकाळी, गाडी मागे गेली. ती मी नेली की तीच गेली यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. जांभ्या दगडांचा, मातीचुन्याशिवाय नुसता रचलेला तो गडगा दोन पिढ्या उभा होता. तो चांगला बैलगाडीभर लांबीचा खाली बसला.

रशीदभाई पडवीत वेताच्या खुर्चीवर चहा पीत होते. ते उठले. आधी दगडांकडे बघितलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे.

"भाऊ, लागला नाय ना कुठे?"

मी नाही म्हटलं.

"मग या. चहा हाय."

माणूस कसा आहे ते एवढ्यात कळावं. माझा या गोष्टीतला पराक्रम इथे संपला. पुढचं सगळं रशीदभाईंना भोगावं लागलं, तेव्हा गोष्ट त्यांच्याच बाजूने सांगायला हवी.

रशीदभाईंनी पंचवीसेक वर्षं कुवेतमध्ये अंडी फोडली. तिथलं युद्ध संपलं, शेजारच्या देशाने गिळलेला तो चिमुकला देश मित्रांच्या फौजांनी सोडवून दिला, आणि सोडवायला आलेल्या फौजांपैकी बरीचशी तिथेच वाळवंटात छावणी टाकून राहिली. त्या फौजेला सकाळची न्याहारी लागे. न्याहारीला माणसं लागत, आणि आखातात माणसं लागली की कोकणात फोन वाजतो. रशीदभाईंचे वडील बोटीवर खलाशी, आजा बोटीवर खलाशी. यांना समुद्र लागायचा म्हणून हे वाळवंटात गेले. छावणीच्या खानावळीत लोखंडी तव्यापुढे उभे राहिले ते केस पांढरे होईपर्यंत. राजकारण त्यांना कधी कळलं नाही. फौजा ते अंड्यांवरून ओळखत. या देशाच्या पोराला बलक हलता लागतो, त्या देशाच्या पोराला दोन्हीकडून भाजून चपलेसारखा लागतो, आणि कुठल्याही देशाचं पोर घरून वाईट बातमी आली की अंडं तसंच टाकून जातं.

राहायचं म्हणजे पत्र्याच्या खोलीत, खाटेवर खाट, आठ जण. वरच्या खाटेवरच्याने कूस बदलली की खालच्याला जाग. दार उघडायचं तर सगळ्यांच्या झोपेचा विचार, पंखा वाढवायचा तर सगळ्यांच्या सर्दीचा. रजेवर यायचे तेव्हा घर बांधायचे. एका रजेत पाया, एका रजेत भिंती, एका रजेत वरची स्लॅब. पडवी सगळ्यात शेवटी झाली, समुद्राकडे तोंड करून. तिथून खाली मिरकरवाड्याच्या बंदरातले ट्रॉलर दिसतात, वारा बरा असला तर लिलावाचा आरडाओरडा ऐकू येतो, आणि वारा वाईट असला तर सुक्या मासळीचा वास. रशीदभाईंना दोन्ही वारे चालत. कायमचे परत आले त्या दिवशी त्यांनी वेताची खुर्ची पडवीत ठेवली आणि बायकोला म्हणाले, "रझिया, आता मला उठ बोलणारा कोणी नाय."

त्यांना आयुष्याकडून आणखी काही नको होतं. एक दार, आपण म्हणू तेव्हा उघडणारं. एक खुर्ची.

गडगा पडला आणि तिसऱ्या दिवशी त्या भगदाडात जेसीबी येऊन उभा राहिला.

रशीदभाईंच्या मागच्या अंगाला रितेश नावाच्या एका उत्साही गृहस्थाने जमीन घेतली होती. गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक एखादी रात्र रत्नागिरीत काढतात, त्यांना खिडकीतून समुद्र लागतो, तर तो आपण का देऊ नये, असा त्याचा सरळ विचार. खोल्यांचं काम काढलं होतं, पण ट्रक न्यायला रस्ता नव्हता. मी पाडलेल्या भगदाडात त्याला रस्ता दिसला.

"इथून जुनी वहिवाट होती, चाचा," तो म्हणाला. "आमच्या कागदात आहे."

"माझ्या आज्याने गडगा घातला तवा कुठे गेलेली तुझी वहिवाट?"

"तेच तर. त्याच्याखाली होती."

बरोबर दोन दणकट पोरं होती. ती नुसती च्युइंगम चघळत होती, आणि तेच जास्त वाईट होतं. रशीदभाईंचा जन्म 'येस सर' म्हणण्यात गेलेला. आत येऊन ते पलंगावर बसले आणि रझियाभाभींना म्हणाले, "कमूला फोन लाव."

कमू म्हणजे कमरुद्दीन, भाभींचा धाकटा भाऊ. दाभोळचा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, स्वतःचा ट्रॉलर, आणि आवाज असा की बोटीच्या एका टोकाला कुजबुजला तरी दुसऱ्या टोकाचा खलाशी कामाला लागतो. तो त्याच संध्याकाळी तीन खलाशी घेऊन हजर. भांडला नाही, ओरडला नाही. भगदाडात पाच खुर्च्या टाकल्या आणि पत्ते खेळायला बसला. जेसीबीवाल्याने हॉर्न वाजवला. कमरुद्दीनने मान वर न करता विचारलं, "तुमच्यात कोण पत्ते खेळतो काय? एक भिडू कमी हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेसीबी गेला. पुढे रितेशने खालच्या अंगाने कुणाशी तरी ठरवून रस्ता काढला. खरं तर तो आधीच निघाला असता, पण फुकटचा दिसल्यावर विकतचा कोण घेतो.

त्या संध्याकाळी रशीदभाईंनी मेहुण्याला मिठी मारली, ती बराच वेळ सोडली नाही. भाभींनी मटण आणि सांदणं केली. मलाही बोलावलं, म्हणजे युद्धाचं कारण आणि युद्धाचा विजेता एका पंगतीला बसले. कमरुद्दीनच्या खलाश्यांनी चार दिवस खपून गडगा पुन्हा रचला, आधीपेक्षा हातभर उंच. मध्ये लोखंडी फाटक बसवलं. फाटकाला कुलूप.

"आता येऊन दाखवू दे," कमरुद्दीन म्हणाला, आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली.

किल्लीचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आनंदात अशा गोष्टी दिसत नाहीत.

जून लागला, पावसाळ्याची मासेमारी बंदी सुरू झाली, आणि सगळ्यांनी धरून चाललं की कमरुद्दीन आता दाभोळला जाणार. तर त्याने ट्रॉलरच इकडे मिरकरवाड्याला आणून वर ओढला. म्हणे इथे इंजिनाचं काम बरं होतं. जाळी विणायला आणि सांधायला कोरडी जागा लागते. रशीदभाईंच्या पडवीएवढी कोरडी जागा अख्ख्या चढावर नव्हती.

आता पडवीत निळी हिरवी जाळी डोंगरासारखी पडली. त्यांच्यामागे समुद्र गेला. वेताच्या खुर्चीवर कमरुद्दीन, कारण तिथून फाटक दिसायचं. रशीदभाईंना त्याने आदराने पलंग दिला होता, "दुल्हाभाई, तुम्ही आत आराम करा, बाहेरचा आमी बघतो." सकाळी न्हाणीपुढे रांग. फ्रिजमध्ये भाभींच्या दुधाशेजारी कुठल्याशा डब्यात आमिष. रशीदभाई दाढी मागच्या नळावर करू लागले, छत्री खांद्यात धरून. टीव्हीचा रिमोट खलाश्यांकडे. भाभींच्या भाकऱ्यांची चवड दिवसाला एवढी वाढत गेली की तव्याच्या आवाजाने मला माझ्या घरी वेळ कळे.

एकदा त्यांनी धीर करून विषय काढला. "कमू, तो रितेश आता येत नाय बोलतात. रस्ता मिळाला त्याला."

"येत नाय," कमरुद्दीन म्हणाला, "कारण आमी हाव."

जो चोर येत नाही तो पहारेकऱ्यामुळे येत नाही, असं एकदा मानलं की पहारेकरी कधीच घरी जाऊ शकत नाही.

त्याच दिवसांत आमच्या चहाच्या टपरीवर जगाची उलथापालथ चालू होती. आखातात पुन्हा धुमश्चक्री, पेपरात रोज नकाशे, आणि कुठल्या कुठल्या देशांत आवाज उठत होते की इतकी वर्षं बसलेल्या मित्रफौजांनी आता आपापल्या घरी जावं. टपरीवर दोन पक्ष पडले. एका पक्षात मी. माझं म्हणणं साधं होतं, की देश म्हणजे आपलं घर, आणि घरात दुसऱ्याची बंदूक असेल, मग ती मित्राची का असेना, तर घराचा मालक तो बंदूकवाला. दुसऱ्या पक्षात हर्षद. तो बर्फाच्या कारखान्यात मॅनेजर आहे, त्यामुळे बोलतो थंड पण टोचतं.

"मालक राहिला तर मालकी," हर्षद म्हणाला. "फौज आली नसती तर देशच नकाशावर राहिला नसता. मग काय सार्वभौमत्व फ्रेम करून लावणार होते?"

"सोडवलं, उपकार झाले. पण काम झाल्यावर निघायला नको?"

"निघाले आणि शेजारी पुन्हा आला तर? तू जाणार सोडवायला? तुझी गाडी मागेच जाते."

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग मी रशीदभाईंकडे वळलो. ते बाकड्याच्या टोकाला बसले होते. हल्ली ते टपरीवर फार बसत, घरात बसायला जागा नसल्यामुळे. मी म्हटलं, "रशीदभाई, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. आता तुम्हीच सांगा, त्यांनी राहावं की जावं?"

रशीदभाईंनी चहाचा ग्लास बघितला. "आज आमच्याकडे न्हाणी रिकामी असेल काय ता बघून येतो," असं म्हणून ते उठून गेले.

ते हसण्यावारी गेलं. मला वाटलं, माणूस दमलाय. दमलेलेच होते. पण नुसते न्हाणीच्या रांगेने दमले नव्हते, हे मला जुलैतल्या एका सकाळी कळलं.

पाऊस होता. मी चढ चढत होतो, पायी. गाडी बायकोने झाकून ठेवली होती. बघतो तर रशीदभाई आपल्याच फाटकाबाहेर उभे. एका हातात छत्री, एका हातात बेकरीतल्या पावाची पिशवी, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. फाटकाच्या आत कमरुद्दीनचा एक नवा खलाशी, बाबल्या, आदल्या दिवशीच गावाहून आलेला.

"कोण पायजे?" बाबल्या विचारत होता.

"दार उघड. मी रशीद."

"कोण रशीद?"

"या घरातला."

बाबल्याने विचार केला. प्रामाणिक मुलगा होता, कामात कुचराई नाही. "तांडेल अंघोळीला गेलेत. ते आले की इचारतो. तवर थांबा."

रशीदभाई थांबले. मी तर भडकलोच; "अरे, हे मालक आहेत," असं ओरडणार होतो. रशीदभाईंनी माझा दंड धरला आणि मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार लांबचं काहीतरी बघत असल्यासारखे ते त्या फाटकाच्या गजांकडे बघत होते.

"अबू खालिद," ते म्हणाले.

"कोण?"

"कांदेवाला."

पावसात उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. छावणीला कांदे-टोमॅटो पुरवणारा एक कुवेती म्हातारा होता, अबू खालिद. शेजारच्या देशाने त्याचा देश घेतला तेव्हा तो सात महिने भावाच्या तळघरात राहिला. मित्रांचे रणगाडे आले त्या दिवशी तो रस्त्यावर धावला आणि घरात होते तेवढे सगळे खजूर त्यांच्यावर उधळले. एका सोजिराच्या बुटांचे मुके घेतले म्हणे. त्यानंतर वर्षानुवर्षं तोच अबू खालिद रोज पहाटे छावणीच्या फाटकावर ट्रक घेऊन उभा राही. उतरायचं, हात वर करायचे, कुत्र्याने कांदे हुंगायचे, त्याच्या नातवाच्या वयाचा सोजीर त्याचं ओळखपत्र उलटंपालटं करून बघायचा. कधी तास, कधी दोन.

"आणि मी," रशीदभाई म्हणाले, "गळ्यात बिल्ला घालून त्याच्या शेजारून आत जायचो. देश त्याचा. मी मिरकरवाड्याचा. मला सलाम ठोकायचे, कारण आमलेट मीच द्यायचो. त्याच्याकडे बघायची लाज वाटायची, भाऊ. मी खाली बघत जायचो."

"त्याला राग नाही यायचा?"

"मी एकदा विचारला. तो बोलला, मीच हाका मारून बोलावलंय, आता कुठल्या तोंडाने जा बोलू? आणि मग एक साल बातमी आली, छावणी लहान करणार, निम्मे जाणार. त्या दिवशी सगळ्यात जास्त घाबरलेला कोण असेल? अबू खालिद. ट्रकाला टेकून उभा होता. गेले तर काय होईल रशीद, बोलायचा. राहिले तर रोज हात वर करायचे, गेले तर तळघर. असा तो."

टपरीवरचे माझे मुद्दे कुठे गेले कुणास ठाऊक. तेवढ्यात अंगाला टॉवेल गुंडाळून कमरुद्दीन बाहेर आला, बाबल्याला एक शिवी हासडली, कुलूप उघडलं आणि हसत म्हणाला, "दुल्हाभाई, पोरगा नवा हाय. पण बघा, पहारा कसा कडक." रशीदभाई पावाची पिशवी सांभाळत आत गेले. पाव भिजले होते.

त्या दिवसानंतर त्यांनी ठरवलं की हे संपवायचं. पण मेहुण्याला जा कसं म्हणायचं? बायकोचा भाऊ. तिच्या माहेरचं उरलेलं एकच माणूस. तो संकटात धावून आला. त्याला जा म्हटलं की रझियाला काय वाटेल, दाभोळात काय बोलतील? तेव्हा बोलायचं नाही, पण कळवायचं, असा त्यांनी मार्ग काढला. छावणीत एक पद्धत होती. एखादी तुकडी घरी परतायची असली की आदल्या दिवशी तिच्यासाठी खास जेवण व्हायचं, एरवी वर्षात मिळणार नाही असं. ते ताट समोर आलं की सोजिरांना न सांगता कळायचं, सामान बांधा. रशीदभाईंनी अशी किती जेवणं रांधली होती. जेवणाची भाषा त्यांना बंदुकीच्या भाषेपेक्षा जास्त कळे.

रविवारी ते स्वतः चुलीपुढे उभे राहिले. कोलंबीचा पुलाव, सुरमई, मटण, खाजं, खरवस, वर शेवयांचा शिरा. बर्फ हर्षदने दिला. खलाशी जेवले ते बोलायचे थांबले. कमरुद्दीनने बोटं चाटली, डोळे पुसले.

"दुल्हाभाई," तो म्हणाला, "एवढा प्रेम? मला वाटायचा, तुमाला आमची अडचण होते की काय."

"छे, छे," रशीदभाईंच्या तोंडून निघून गेलं. पंचवीस वर्षांची सवय.

"आता लगेच उठलो तर लोक बोलतील, मेहुणा जेवायलाच आलेला. आमी नारळी पुनवेपर्यंत हाव."

ते ऐकून रशीदभाई मोरीत गेले आणि भांडी घासत बसले. खानसाम्याने दुःख करायची ती एकच जागा.

पुढे दोन दिवसांनी दुपारी भाभी मागच्या पायरीवर बसून बांगडे साफ करत होत्या. सात माणसांचे बांगडे. हात चालत होते पण खांदे पडले होते. रशीदभाई शेजारच्या नळावर दाढी करत होते.

"अवो," भाभी म्हणाल्या, "तुमच्या पाहुण्यांचा काय ठरला?"

"माझे पाहुणे?"

"मग कोणाचे? तुमीच बोललात, कमूला फोन लाव."

"भाऊ तुझा हाय."

"म्हणून तर गप हाय. मी जा बोलले तर तुमाला वाटेल, माझ्यावर पाळी आली तवा हिने भावाला हाकलला. मी रोज पीठ मळते नि गप बसते."

"आणि मी तुझ्यासाठी गप हाय."

"माझ्यासाठी? माझी कंबर गेली तुमच्या गप बसण्याने."

रशीदभाई पायरीवर बसले. साबण हातात विरघळत होता. मग भाभींनी सुरी खाली ठेवली.

"जावा. सरळ बोला. शिरा करू नका."

ते तसेच, अर्धी दाढी करून, पडवीत गेले. कमरुद्दीन वेताच्या खुर्चीत बसून जाळ्याचे फाटके डोळे सांधत होता. रशीदभाई जाळ्याच्या डोंगरावर बसले, कारण दुसरी जागा नव्हती.

"कमू."

"बोला."

"तू आलास, माझा घर वाचवलास. ता मी मरेपर्यंत विसरणार नाय. पण आता तू घरी जा."

त्यांना वाटलं, आता हा उठेल, बहिणीला हाक मारेल, आणि सगळं संपेल. कमरुद्दीनने सुई खाली ठेवली. थोडा वेळ तो फाटकाकडे बघत राहिला. चेहरा उतरला, हे खोटं कशाला सांगा. लागलंच त्याला.

मग तो म्हणाला, "एवढे दिवस का लावलात?"

"काय?"

"आमच्या बापाची रीत तुमाला ठाऊक नाय? कोणाच्या मदतीला गेला की आपण रजा मागायची नाय. ज्याने बोलावला त्याने द्यायची. आपण उठला म्हणजे अडचणीत टाकून पळाला. मी रोज बघतो, दुल्हाभाई आज बोलतील, उद्या बोलतील. तुमी बोलता, आराम कर, कमू. बर्फ घालून खरवस देता. माझी पाठ मोडली या खुर्चीत. घरी माझी पोर नबीला रोज फोनवर रडते, अब्बा कधी येणार."

"मग मिरकरवाड्याला ट्रॉलर का आणलास?"

"राहायचाच हाय तर काम तरी होऊदे, म्हणून," कमरुद्दीन म्हणाला, आणि जरा ओशाळून पुढे म्हणाला, "जागापण चांगली हाय."

दोघांनीही पावसाळा घालवला होता, एकाने दिलेल्या आणि दुसऱ्याने न मागितलेल्या मानासाठी. छावणीतली ती पोरं रशीदभाईंना आठवली, अंडं पुढे सरकवून विचारायची, राशीद, आम्ही घरी कधी जाणार? जसं काही ते त्यांच्याच हातात होतं.

तिसऱ्या दिवशी जाळी टेम्पोत चढली. बाबल्याने जाताना रशीदभाईंच्या पाया पडून माफी मागितली. भाभी भावाच्या गळ्यात पडून रडल्या, मग आत जाऊन पहिल्यांदा दोनच भाकऱ्या थापल्या आणि त्या बघून पुन्हा रडल्या. कमरुद्दीनने करगोट्याची किल्ली सोडली आणि रशीदभाईंच्या तळहातावर ठेवली. "काय झाला तर फोन लावा," तो म्हणाला. "पण या वेळी निरोप पण लवकर द्या."

चार-पाच दिवस मी मुद्दाम गेलो नाही. म्हटलं, माणसाला त्याचं घर जरा भोगू दे. मग एका दुपारी, पाऊस उघडला होता तेव्हा, पेपर बगलेत मारून गेलो. फाटक आतून बंद. हाक मारल्यावर रशीदभाई आले, आधी गजांतून नीट बघितलं, मग कुलूप काढलं, मला आत घेतलं आणि पुन्हा लावलं. पडवी मोकळी होती. समुद्र जागेवर आला होता, बंदरात ट्रॉलर रंगत होते. वेताच्या खुर्चीत ते बसले, मी कट्ट्यावर. डोळे तांबारलेले, दाढी मात्र पूर्ण.

मी पेपर उघडला. त्यातही तेच होतं, फौजा जाणार की राहणार, कोण म्हणतं लाज, कोण म्हणतं गरज. मला फार भरून आलं. मी म्हटलं, "रशीदभाई, एवढे मोठे मोठे देश, त्यांच्या संसदा, त्यांचे करारमदार, कुणाला हे धड जमत नाही. तुम्ही जमवलंत. भांडण नाही, तंटा नाही, पाहुणा हसत गेला. आता खऱ्या अर्थाने हे घर तुमचं. आता सांगा, आपल्या घराचे आपण मालक झाल्यावर कसं वाटतं?"

रशीदभाईंनी जांभई दिली आणि फाटकाकडे बघत म्हणाले, "झोप लागत नाय."